दसऱ्याच्या दिवशीचा पासवर्ड

मी पाच दिवसांनी वडशाला परतलो, तर माझ्या खुर्चीवर एक मुलगी बसली होती.

ऑफिस म्हणजे एकच खोली. स्टेशनच्या रस्त्यावर, तांदळाच्या गोदामाला लागून. माझ्या टेबलावरची रजिस्टरं गायब होती आणि त्या जागी एक कॉम्प्युटर होता. त्याच्या डोक्यावर विणलेला रुमाल. मुलगी त्या रुमालाच्या आडून माझ्या पायांकडे पाहत होती. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे होते.

"कोन पाहिजे जी?"

"कोनी नाई. मी इथलाच हाव."

"इथल्या सगळ्याईची यादी देवाजीभाऊनं मले देली हाय. नाव सांगा."

"श्रावण."

तिनं कागदावरून बोट फिरवलं. सावकाश... वरून खाली, मग पुन्हा वर.

"नाई."

"नाई म्हंजे?"

"श्रावण नावाचा कोनी नाई. एक तारीखवाला म्हनून लिवून हाय."

"तोच मी."

"मंग तसं सांगाव ना. नाव काऊन सांगता?"

तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. पण तिनं पेनाचं टोपण दातात धरलं होतं, आणि ते हलत होतं.

"खुर्ची माझी हाय," मी म्हणालो.

तिनं वाकून खुर्चीच्या पाठीमागं पाहिलं. "हिच्यावरबी नाव नाई."

ती मला आवडलेली नाही, असं मी त्याच दिवशी ठरवून टाकलं. २००३ सालचा पोळा दोन दिवसांवर होता.

आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते आणि मंडईच्या रात्री नाटक होतं. नाटक कंपन्यांची ऑफिसं वडशात. आमची कंपनी देवाजीभाऊंची. पावसाळ्यात मोटरसायकल घेऊन गावोगाव फिरायचं, गावातल्या मंडळाशी बसायचं आणि नाटकाची तारीख पक्की करून यायची, हे माझं काम. कोणत्या गावाला कोणती रात्र, यावरच सगळा धंदा चालतो. एका रात्रीवर दोन गावं लिहिली गेली, तर एका गावात मार खावा लागतो.

त्या वर्षी देवाजीभाऊंनी जुना कॉम्प्युटर आणला आणि तो चालवायला गोकुळाला ठेवलं. तिचे वडील सोमाजी तलावात जाळं टाकायचे. तिनं ब्रह्मपुरीला सायकलवर जाऊन-येऊन कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. तिला आजीचं नाव दिलं होतं. त्यावरून तिला चिडवायचं मी एकदाच करून पाहिलं.

"गोकुळा म्हंजे जुन्या बायाईचं नाव," मी म्हणालो.

"हो. अन् श्रावन म्हंजे महिना. भादव्यात तुमाले काय म्हनतेत?"

पुन्हा त्या वाटेला गेलो नाही.

देवाजीभाऊंनी हुकूम काढला, की तारीख ठरली की त्याच दिवशी फोन करून गोकुळाला सांगायची. कुरखेड्याच्या बाजूची गावं असली की मी बायनाबाईच्या बूथवरून फोन लावायचो. फाट्यावर तिचं चहाचं दुकान होतं, त्यातच फोन. लाईन अशी, की ओरडल्याशिवाय पलीकडे जायचं नाही.

"लिवा. पळसगाव, अकरा नोव्हेंबर."

"ऐकू नाई आलं."

"पळसगाव. अकरा."

"परत सांगा."

"पळसगाव, नोव्हेंबरची अकरा तारीख, मंगळवार."

"हं... आता आलं. जेवले का तुमी?"

"हे बी कॉम्प्युटरात लिवता का?"

"लिवाव लागते. तारीखवाला उपाशी फिरून राह्यला, असं."

मग लाईन तुटायची. पहिल्यांदा तुटली तेव्हा मी पुन्हा लावला. तिनं बूथचा नंबर मागून घेतला, म्हणजे तिकडून लावता येईल. त्यानंतर लाईन फारच तुटायला लागली. ती मुद्दाम फोन ठेवून देते असा मला संशय होता. पण फोनची घंटी पुन्हा वाजेपर्यंत मीही बूथवरून हलत नव्हतो. बायनाबाई चहा पुढं करायची आणि माझ्याकडे न पाहता म्हणायची, "घे गा. लाईन जोडू दे."

तिला प्रत्येक तारीख तीनदा सांगावी लागायची. हिचे कान बरे नाहीत, असं मी काही दिवस खरंच समजत होतो.

सप्टेंबर संपता संपता तारखा फुटू लागल्या.

आम्ही पळसगावची अकरा धरली, की शेजारची एक मोठी कंपनी पळसगावाच्या पुढच्याच गावाला अकरा धरायची. लोक मोठ्या नाटकाला जाणार, आमच्या पुढ्यात रिकाम्या सतरंज्या राहणार. असं पाच गावांत झालं. देवाजीभाऊ दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांच्या वह्या मागितल्या. माझ्या तिन्ही वह्या त्यांनी माझ्यादेखत चहाच्या शेगडीत घातल्या.

"आता तारखा फक्त मशीनात राहतीन," ते म्हणाले. "अन् मशीनले कुलूप. गोकुळा, दर बाजाराच्या दिवशी पासवर्ड बदलवायचा. कोनाले सांगायचा नाई. मलेबी नाई. दोन घोट पोटात गेले का मी बोलून बसतो."

विक्की नावाचा पोरगा ब्रह्मपुरीहून मशीन दुरुस्तीला यायचा. त्याचीही चावी तिनं काढून घेतली. आता मशीनमध्ये जायचा रस्ता एकट्या गोकुळाच्या बोटात होता.

मला ते पटलं नाही. सगळ्या तारखा जिच्या हातात, तिच्यावरच नजर ठेवायला पाहिजे. मी तिच्या मागच्या बाकावर बसून पाहत राहायचो. ती टाईप करताना मान जरा डावीकडे झुकवायची. वेणी खुर्चीच्या पाठीवर घासायची. एकदा मशीन बंद होतं आणि ती नुसतीच समोर पाहत बसली होती.

"काय पाहून राह्यल्या?" मी विचारलं.

"तुमाले."

काळ्या काचेत मी स्वच्छ दिसत होतो. किती दिवसांपासून दिसत होतो कोण जाणे.

"तुमी माह्यावर पाळत ठेवता," ती म्हणाली. "अन् तो बिरजू तुमाले चहा पाजते, ते कोन पाहते?"

बिरजू त्या दुसऱ्या कंपनीचा माणूस. त्याचा मुक्काम बायनाबाईच्याच बाकावर असायचा.

"तो सगळ्याईले पाजते."

"सगळे काई तारीखवाले नाईत."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी तिच्या तळहातावर आकडे लिहिलेले पाहिले. निळ्या पेनानं. मी पाहतो आहे हे कळताच तिनं मूठ मिटली आणि हात ओढणीखाली घेतला.

"काय लिवलं?"

"काई नाई."

"आकडे होते."

"होते तर होते."

तारखाही आकड्यांनीच लिहितात. त्या दिवसापासून मी एक नवी वही केली आणि मोटरसायकलच्या हत्यारांच्या डब्यात लपवली. नवीन ठरलेली प्रत्येक तारीख त्यात लिहू लागलो. उद्या हिनं काही केलं, तर आपल्याजवळ पुरावा पाहिजे. फोन करायचा मात्र सोडला नाही. मी दोन्ही करत होतो.

दसऱ्याला विक्कीनं मशीनची सगळी कॉपी काढून एका वेगळ्या डिस्कवर ठेवली. दिवस चांगला आहे म्हणाला. गोकुळानं त्या डिस्कला हळद-कुंकू वाहिलं आणि कपाटात ठेवून दिली.

मग लक्ष्मीपूजन आलं.

देवाजीभाऊ स्टेजचा नारळ स्टेजवर फोडायचे आणि पेटीचा पेटीजवळ. कॉम्प्युटरही यंदापासून कंपनीतलाच, म्हणून त्याचा नारळ त्याच्यावरच. पूजेला काच उजळलेली पाहिजे म्हणून मशीन सुरू ठेवलेलं. गोकुळा म्हणत होती, "भाऊ, पायरीवर फोडा ना जी." भाऊंनी डब्याच्या लोखंडी कोपऱ्यावर एकच घाव घातला. नारळाचे छान दोन भाग झाले. पाणी वरच्या छिद्रांतून सरळ आत गेलं. फट्‌ आवाज आला, जळका वास आला आणि काच काळी झाली. भटजींनी मंत्र थांबवला नाही.

पाडव्याला सकाळी विक्की दुसरा डबा घेऊन आला. जुनी डिस्क जळाली होती. त्यानं कपाटातली दसऱ्याची कॉपी नव्या डब्यात ओतली. दुपारपर्यंत मशीन उभं राहिलं आणि त्यानं पासवर्ड मागितला. गोकुळानं पुढं होऊन टाकला. मशीननं नाही म्हटलं. तिनं परत टाकला... परत नाही.

"हा आताचा असन," विक्की म्हणाला. "कॉपी दसऱ्याची हाय. दसऱ्याच्या दिवशी जो होता तोच लागन. मशीनले वाटून राह्यलं, आज दसराच हाय. अन् उघडल्यावर माह्यासमोर बदलवाव लागन, जुना दाखवून."

गोकुळाचा हात कीबोर्डवरून खाली आला. तिचा चेहरा एकदम उतरला. कानापर्यंत लाल झाला, आणि मग पांढरा.

"आठवते ना?" देवाजीभाऊंनी विचारलं.

तिनं विक्कीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "सगळे बाहीर जा. मी टाकतो."

"काऊन बाहीर?"

"विक्कीसमोर जुना दाखवाव लागन ना. मले... नाई दाखवायचा."

"लपवण्यासारखं काय हाय त्याच्यात?" हे मी विचारलं. मला निळे आकडे आठवत होते.

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मनाला लागल्यासारखं पाहिलं, आणि ते मला जास्त खटकलं.

"तुमच्या गाडीच्या डब्यात काय हाय, ते दाखवा मंग."

म्हणजे तिला ठाऊक होतं. देवाजीभाऊंनी आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. भाऊबीजेच्या रात्री पहिलं नाटक होतं. पहिल्या दोन गावांच्या तारखा सगळ्यांना पाठ होत्या, पुढच्या चाळीस गावांच्या कोणालाच नव्हत्या. ते खुर्चीवर बसले आणि शांतपणे बोलले.

"गोकुळा, उद्या सकाळी सगळ्याईसमोर सांग. नाई सांगतलं, तर तारखा तूच विकल्या असं मी समजीन, अन् वडशातबी तेच सांगीन. मंग कोनी तुले कामावर ठेवनार नाई, बाई. मी चिडून नाई बोलून राह्यलो."

ती सायकल घेऊन निघाली. स्टँड काढताना तिचा पाय तीनदा चुकला. मी मदतीला गेलो नाही.

घरी जेवण गेलं नाही. मी वही उघडून बसलो. दसऱ्यानंतरच्या सोळा तारखा तिच्यात होत्या आणि दसऱ्याआधीच्या मशीनमध्ये. तिनं तारखा विकल्या असतील तर माझी वही पुरावा होती. पण पानं उलटताना एक गोष्ट दिसली. त्या सोळांपैकी फुटल्या त्या फक्त चार, चारही बायनाबाईच्या बूथवरून सांगितलेल्या. आरमोरीकडच्या तारखा मी येऊन तोंडी सांगायचो. त्यातली एकही फुटली नव्हती. आणि त्याही तिनंच मशीनमध्ये घातल्या होत्या.

मी वही मिटून उशाशी ठेवली.

भाऊबीजेला सकाळी ती आली तेव्हा सोबत सोमाजी होते. तलावावरून तसेच आले होते, धोतर ओलं, हातात मासोळ्यांची थैली. ते दारातच बसले.

"पोरीनं रातीपासून पानी नाई पेलं," ते म्हणाले. "काय सांगायचं ते सांगू द्या तिले, मंग मी घेऊन जातो."

खोलीत मी, देवाजीभाऊ, विक्की आणि हे बाप-लेक. गोकुळा मशीनसमोर उभी राहिली. तोंड उघडलं आणि मिटलं.

मी वही टेबलावर ठेवली.

"ही माझी. दसऱ्यापासूनच्या सगळ्या तारखा हायेत. भाऊ, तुमी नाई म्हनतलं तरी मी लिवल्या. हिच्यावर भरोसा नव्हता म्हनून." मग तिच्याकडे वळून म्हणालो, "हे मी बरोबर नाई केलं."

तिनं वहीकडे पाहिलं. मग खाली बसली आणि एकेक आकडा मोठ्यानं म्हणत दाबू लागली.

"दोन... चार... पाच..."

पुढचे तीन मला पाठ होते. तिनं म्हणायच्या आधीच माझ्या ओठांवर आले. मीच तिला ते दिले होते, ओरडून, फाट्यावर उभा राहून.

मशीन उघडलं. देवाजीभाऊ उठून उभे राहिले.

"हा तर बायनाबाईच्या बूथचा नंबर हाय."

त्यांनी काचेकडून माझ्याकडे मान वळवली.

"म्हंजे तू," ते माझ्याकडे बोट करून म्हणाले, "त्या बूथवरून तारखा सांगत होता. जोरानं."

"जोरानंच सांगाव लागे. हिले ऐकू येत नव्हतं."

"कितीदा?"

"तीनदा."

"अन् बिरजू?"

"बाकावर. चहा पेत."

भाऊ परत खाली बसले. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "चाळीस वर्षं झाले मी नाटक करून राह्यलो," ते म्हणाले, आणि तेवढ्यावरच थांबले.

दारातून सोमाजींचा आवाज आला. "पन बूथचा नंबर काऊन ठेवला वो बाई? तलावाचं नाव ठेवतीस, आजीचं ठेवतीस."

गोकुळा पेनाचं टोपण शोधत राहिली. ते तिच्याच हातात होतं.

सोमाजींनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, जाळ्यात आलेला मासा ठेवायचा की सोडायचा असं पाहावं तसं. मग थैली देवाजीभाऊंपुढं केली. "घ्या. आज सन हाय. अन् ह्या दोघाईची लाईन तुटनार नाई, असं काईतरी करा."

विक्की वहीतल्या तारखा मशीनमध्ये घालत बसला, तेव्हा आम्ही बाहेर गोदामाच्या सावलीत उभे होतो. नव्या धानाचा वास येत होता. ती तोंड धुऊन आली होती.

"नंबर काऊन ठेवला?" मी विचारलं.

"पाठ होता म्हनून."

"पाठ तर दुसरेबी असतीन."

"नाई." तिनं तळहात उघडून पाहिला. "एकच होता. हातावर लिवू लिवू पाठ केला होता."

"अन् लाईन तुटे, ते?"

"कधी कधी खरंच तुटे."

"अन् परत सांगा, परत सांगा?"

"तुमीबी लगेच सांगत होते ना. एकदाबी चिडले नाई." तिनं मान डावीकडे झुकवली. "मले तवाच संशय आला होता तुमचा."

त्या मोसमात मी तारखा चिठ्ठीवर लिहून आणू लागलो. उन्हाळ्यात आमचं लग्न झालं.

लग्नानंतरही मशीन तीच सांभाळायची. दर बाजाराच्या दिवशी म्हणायची, "तिकडं पाहा जी, पासवर्ड बदलवून राह्यली." मी भिंतीकडे तोंड करायचो. मागून बटनांचा आवाज यायचा.

"आता नवऱ्याले तरी सांग."

"नवरा तारीखवाला हाय. फाट्यावर जाऊन ओरडन."

मी विचारत राहायचो, ती सांगत नसे. खरं सांगायचं तर मला थोडा राग यायचा. आता माझ्यापासून लपवण्यासारखं हिच्याजवळ काय आहे, असं कधी कधी मनात यायचं.

२००८ च्या पावसाळ्यात तिला ताप आला. तो डोक्यात गेला. गडचिरोलीला नेलं. सहा दिवसांत सगळं झालं. त्याबद्दल मला लिहिता येत नाही.

ती गेल्यावर महिनाभरानं मशीन बसलं. विक्कीनं तिनं पोळ्याला काढलेली कॉपी घातली. मशीननं पासवर्ड मागितला. मी लग्नाची तारीख टाकली, सोमाजींचं नाव टाकलं, तलावाचं, आजीचं टाकलं. माझं नाव तीन तऱ्हांनी टाकून पाहिलं. उघडलं नाही. बूथचा नंबर टाकून पाहायचं आधी मनात आलं नाही. बायनाबाईचा बूथ बंद होऊन तीन वर्षं झाली होती, आणि गोकुळा तर दर बाजाराला बदलत होती.

"सगळं पुसून नवीन टाकू का दादा?" विक्कीनं विचारलं.

"थांब," मी म्हणालो, आणि शेवटचा म्हणून ते सहा आकडे दाबले.

मशीन उघडलं.

विक्कीनं काही बटनं दाबली, काचेवर इंग्रजी ओळी आल्या. त्या त्यानं दोनदा वाचल्या.

"दादा, हा शेवटचा कधी बदलला ते इथी लिवून राहते. तुमच्या लग्नाच्या आठवड्यात. त्याच्यानंतर वहिनीनं बदलवलाच नाई."

मी त्याला चहा प्यायला पाठवलं.

आत दुसरं काही नव्हतं. येत्या मोसमाची यादी होती, तिनं निम्मी भरलेली. मी तिच्या खुर्चीवर बसलो. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि गावाचं नाव, महिना, तारीख मोठ्यानं वाचली. मग परत एकदा वाचली.

मग तिसऱ्यांदा.